प्रथिनौषधे, त्यांची संहती आणि त्यांचे स्थैर्य : प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्या औषधशास्त्राचे शिक्षण प्रामुख्याने ज्या औषधांभोवती फिरत आले ती रसायनशाळेत घडविलेली, आकाराने लहान आणि प्रकृतीने सोशिक अशी होती. पॅरासिटामोलची गोळी तालुक्याच्या गावी दुकानाच्या फळीवर सबंध वैशाख पडून राहिली तरी तिच्या गुणात म्हणण्यासारखा उणेपणा येत नाही, आणि म्हणूनच तिच्या साठवणीचा विचार करण्याची गरज विक्रेत्याला वा रोग्याला क्वचितच भासली. ज्या औषधांचा विचार प्रस्तुत ग्रंथात केला आहे त्यांची जातकुळी अगदी निराळी आहे. इन्सुलिन, सर्पदंशावरील प्रतिविष, श्वानदंशानंतर द्यावयाची प्रतिपिंडे, कर्करोगावरील आणि संधिवातावरील नवी इंजेक्शने ही सारी प्रथिने होत. ती सजीव पेशींकडून किंवा जनावरांच्या शरीरांकडून करवून घेतलेली असतात. एका प्रतिपिंडाचा रेणू पॅरासिटामोलच्या रेणूपेक्षा सुमारे हजारपट जड असतो, त्यात अमिनो आम्लांच्या चार साखळ्या विशिष्ट घड्या घालून एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि या सगळ्या रचनेचे रूप टिकवून धरणारी निव्वळ शक्ती हिशेबास घेतली तर ती काही थोड्या हायड्रोजन-बंधांच्या ताकदीहून अधिक भरत नाही. घडी मोडली की औषध गेले; वजनाने ते तेवढेच राहते, कुपीवरील मजकूर तोच राहतो, पण रोग्याच्या उपयोगाचे असे त्यात काही उरत नाही.

असा ग्रंथ शिरपुरात लिहिला जावा हे मला अत्यंत उचित वाटते. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा व त्यापलीकडे मध्य प्रदेशची हद्द, आणि मधून गेलेला मुंबई-आग्रा रस्ता, असा हा धुळे जिल्ह्याचा उत्तरेकडील तालुका. येथे १९९२ साली आर. सी. पटेल संस्थेचे औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय निघाले, पुढे २००७ साली तापीकाठी नरसी मोनजी संस्थेच्या परिसरातही त्याच शास्त्राचे अध्यापन सुरू झाले, आणि कपाशीच्या या मुलखातून दरसाल औषधशास्त्राचे पदवीधर बाहेर पडू लागले. त्यांतील काही पुण्यास, हैदराबादेस, अहमदाबादेस मोठमोठ्या कारखान्यांत गेले. पुष्कळसे खानदेशातच राहून औषधविक्रीचा परवाना घेऊन दुकाने चालवीत आहेत. प्रथिनौषधांचा प्रश्न या दोघांचाही आहे. पहिल्याने ती घडवावयाची आणि दुसऱ्याने ती रोग्याच्या हाती पडेपर्यंत सांभाळावयाची, आणि या दोन कामांत शास्त्राच्या दृष्टीने काही भेद नाही, हे या ग्रंथाचे प्रमुख प्रतिपाद्य आहे व ते मला पूर्णपणे मान्य आहे.

आता संहतीचा प्रश्न उपस्थित का होतो ते पाहू. प्रथिन तोंडावाटे घेतले तर जठर त्याला डाळीतील प्रथिनासारखेच पचवून टाकते, तेव्हा ते सुईने देण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातही प्रतिपिंडांची मात्रा मोठी असते. शरीरातील असंख्य लक्ष्यांना एकेका रेणूने जाऊन बिलगावयाचे असल्यामुळे ती दर किलो वजनामागे कित्येक मिलिग्रॅम अशी मोजावी लागते. इस्पितळात हे औषध सलाइनमध्ये मिसळून शिरेतून तास-दीड तास सोडता येते व तेथे ते कितीही पातळ असले तरी चालते. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून निघून, शिरपूर गाठून, तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील धुळ्यास किंवा त्याहून दूर नाशिकला दर पंधरवड्यास खेप करणे म्हणजे रोग्याची आणि त्याच्या सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडणे, एस.टी.चे भाडे भरणे, आणि दोन-चार खेपांनंतर उपचारच सोडून देणे होय. तेच औषध त्वचेखाली, घरच्या घरी किंवा जवळच्या आरोग्य उपकेंद्रात देता आले तर हा सारा खटाटोप वाचतो. पण त्वचेखाली एका ठिकाणी साधारणतः एक ते दोन मिलिलिटर द्रवच सुखाने मावतो, म्हणून शंभर-दीडशे, क्वचित दोनशे मिलिग्रॅम प्रथिन एकाच मिलिलिटरमध्ये बसवावे लागते. माणसाच्या रक्तद्रवात याच जातीच्या प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दाटी किती अस्वाभाविक आहे याची कल्पना येईल. उच्च संहती ही कारखानदाराने आपल्या सोयीसाठी काढलेली टूम आहे असा समज काही ठिकाणी आढळतो. तो मला अन्यायाचा वाटतो. रोग्याचे घर आणि इस्पितळ यांमधील अंतराचे देणे या संहतीने फेडावे लागते.

खानदेशातील वाचकाला हे कपाशीच्या उदाहरणाने चटकन पटेल. जिनिंगमधून निघालेली सुटी रुई जागा फार व्यापते, ती तशीच दूरच्या गिरणीला पाठविणे परवडत नाही, म्हणून प्रेसमध्ये दाबून तिची सुमारे १७० किलोची गाठ बांधतात. आणि गिरणीत गाठ सोडली की रुई बहुतांशी पूर्ववत फुलते. प्रथिनाच्या बाबतीत मात्र हा शेवटचा भरवसा कोणालाही देता येत नाही, आणि सगळी अडचण तेथेच आहे. साध्या गणिताने पाहू. एका मिलिलिटरमध्ये दीडशे मिलिग्रॅम प्रतिपिंड असेल तर त्यातील प्रत्येक रेणूच्या वाट्याला जी जागा येते तिच्यावरून दोन शेजारी रेणूंच्या केंद्रांमधील सरासरी अंतर सुमारे बारा नॅनोमीटर निघते. आणि रेणूची स्वतःची रुंदी असते सुमारे दहा नॅनोमीटर. रक्तद्रवातील दहा मिलिग्रॅमच्या प्रमाणात हेच अंतर एकोणतीस नॅनोमीटर असते. म्हणजे विरल द्रवात जे रेणू आपापल्या वाटेने फिरत व क्वचितच एकमेकांस भेटत, ते दाट द्रवात सदोदित एकमेकांच्या अंगास अंग लावून असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरील धन व ऋण प्रभारांचे ठिपके, पाण्याला नकोसे असलेले तेलकट भाग, क्षणमात्र सैल झालेली एखादी घडी, ज्यांना विरल अवस्थेत काही महत्त्व नव्हते, ते सारे एकदम महत्त्वाचे होऊन बसते. दोन रेणूंच्या भेटीतून घडणाऱ्या क्रियेचा वेग संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. संहती दहापट झाली तर असा वेग शंभरपट होतो. दोनांचे चार होतात, चारांचे पुंज होतात, आणि एके दिवशी स्वच्छ द्रवात डोळ्यांस दिसणारे कण तरंगू लागतात.

येथे निसर्गाकडे पाहिल्यावाचून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही, कारण दाट प्रथिन स्थिर ठेवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मनुष्याच्या रक्तातच अव्याहत चालू आहे. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिनचे प्रमाण दर मिलिलिटरला ३२० ते ३६० मिलिग्रॅम असते, म्हणजे कोणत्याही कारखान्याने आजवर सुईत भरलेल्या प्रतिपिंडाहून पुष्कळच अधिक. आणि तरीही ते सुमारे १२० दिवस, सदतीस अंश तापमानात, केशवाहिन्यांतून पिळून निघत असताना विरघळलेलेच राहते. डोळ्याच्या भिंगातील प्रथिने तर याहून आश्चर्यकारक आहेत. तितक्याच किंवा त्याहून अधिक दाटीत ती जन्मभर टिकतात, भिंगाच्या गाभ्यातील प्रथिन पुन्हा नव्याने तयार होत नाही, आणि म्हातारपणी ती अखेर एकमेकांस चिकटून पुंज होऊ लागली की त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. म्हणजे स्थैर्य दाटीतही शक्य आहे, परंतु ते रेणूच्या पृष्ठभागाच्या अत्यंत काटेकोर रचनेवर अवलंबून आहे. आणि ही रचना एका ठिकाणी बिघडली तर काय होते याचा दाखला शोधण्यासाठी शिरपूरकरांना दूर जावे लागत नाही. सातपुड्यातील भिल्ल, पावरा व इतर आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आजार तोच दाखला होय.

या आजाराचे मूळ रेणूत आहे हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले, आणि व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये ते नेमके स्थानही निश्चित केले. हिमोग्लोबिनच्या ५७४ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन, दोन्ही बीटा साखळ्यांतील सहाव्या स्थानची, बदललेली असतात. प्रभारयुक्त ग्लुटामिक आम्लाच्या जागी पाण्याचा तिटकारा असणारे व्हॅलिन आलेले असते. विरल द्रवात या बदलाने काहीच बिघडत नाही. परंतु पेशीतील दाटीत, प्राणवायू सोडून दिलेल्या अवस्थेत, एका रेणूवरील व्हॅलिन शेजारच्या रेणूवरील खोबणीत जाऊन बसते, रेणूंच्या लांबच लांब दोऱ्या वळल्या जातात, पेशी विळ्यासारखी वाकते व केशवाहिनीत अडकते. यातील सर्वांत बोधप्रद भाग असा की दोऱ्या तत्काळ वळल्या जात नाहीत. आधी काही काळ विलंब असतो, आणि हा विलंब संहतीच्या पंधराव्या ते तिसाव्या घाताइतक्या तीव्रतेने बदलतो असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. संहती जराशी वाढली तर विलंब एकदम घटतो. जराशी उतरली तर पेशीला केशवाहिनीतून सुखरूप निसटून फुप्फुसाकडे परतण्यास वेळ मिळतो. वैशाखात शेतावर राबणाऱ्या सिकलसेलच्या रोग्याने भरपूर पाणी प्यावे, घाम फार जाऊ देऊ नये, ही आशाताईने घरोघर सांगितलेली सूचना म्हणूनच कोरडा उपदेश नव्हे. शरीरातील पाणी आटले की पेशीतील पाणी आटते, पाणी आटले की संहती वाढते, आणि संहती वाढली की वेदनेचा झटका येतो. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते व ते दोऱ्यांच्या वळणीत सामील होत नाही, तसेच पेशी आकाराने मोठी होऊन आतील दाटीही कमी होते. म्हणजे हा उपचारदेखील तत्त्वतः दाट प्रथिनाला सैल ठेवण्याचाच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला व त्यासाठी २०४७ ही मुदत ठरविण्यात आली. शिरपूरच्या प्रयोगशाळांत प्रथिनांच्या दाटीचे जे शास्त्र शिकविले जाईल त्याचा संबंध उत्तरेकडील डोंगरात राहणाऱ्या या माणसांशी प्रत्यक्ष आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर पहिल्याच दिवशी बिंबविले पाहिजे.

कारखान्यातील औषधाकडे वळल्यावर दाटीचा दुसरा दोष समोर येतो, तो म्हणजे द्रवाचा घट्टपणा. संहतीबरोबर तो सरळ चढत नाही. काही मर्यादेपर्यंत सौम्यपणे व मग एकाएकी उसळी घेऊन चढतो, कारण रेणू एकमेकांना धरून तात्पुरती जाळी तयार करतात. सुईतून द्रव ढकलण्यास लागणारा जोर तिच्या पोकळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. रोग्याला टोचू नये म्हणून निम्म्या त्रिज्येची सुई घेतली तर तोच द्रव त्याच वेगाने बाहेर काढण्यास सोळापट दाब द्यावा लागतो. सांधे आखडलेल्या संधिवाताच्या रोग्याने स्वतःच्या अंगठ्याने दट्ट्या दाबावा अशी आपली अपेक्षा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या गणितातील क्रौर्य उमगते. ॲडलिमुमॅब हे संधिवातावरील औषध २००२ साली प्रथम मान्य झाले तेव्हा चाळीस मिलिग्रॅमची मात्रा ०.८ मिलिलिटरमध्ये येई. पुढे तीच मात्रा ०.४ मिलिलिटरमध्ये बसविण्यात आली व टोचताना आग करणारे सायट्रेटही त्यातून काढून टाकण्यात आले. वरवर पाहता हा बदल किरकोळ आहे, परंतु महिन्यातून दोनदा वर्षानुवर्षे सुई घेणाऱ्याला तो किरकोळ वाटत नाही. दुसरा मार्ग दाटी न वाढविता त्वचेखालील ऊतींनाच थोडा वेळ मोकळे करण्याचा आहे. ट्रॅस्टुझुमॅबची सहाशे मिलिग्रॅमची मात्रा हायलुरोनिडेझ या विकराच्या साह्याने पाच मिलिलिटरमध्ये मांडीत देता येते. मात्र तीही दर मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, म्हणजे दाटच आहे.

या दाटीला आवर घालण्याची साधने मोजकी आहेत आणि त्यांतील प्रत्येक साधन एक गुण देताना दुसरा दोष पदरी टाकते. पहिले साधन आम्लता. बहुसंख्य प्रतिपिंडांचा समविद्युत बिंदू आठ-नऊच्या आसपास असतो. हिस्टिडिनच्या योगाने द्रव सहाच्या जवळ ठेवला तर सर्व रेणूंवर धन प्रभार चढतो व ते एकमेकांना दूर लोटतात. परंतु रेणूच्या सर्व अंगांवर प्रभार सारखा नसतो, अगदी जवळ आल्यावर एकाची धन बाजू दुसऱ्याच्या ऋण बाजूस ओढते, आणि म्हणून जे मीठ एका औषधाचा घट्टपणा उतरविते तेच दुसऱ्याचा चढविते. दुसरे साधन साखर. उसापासून निघणारी साधी सुक्रोज या कामी फार मोलाची ठरली आहे, आणि तिचे रहस्य सर्ज टिमाशेफ व त्सुतोमु अराकावा यांनी १९८०च्या दशकात उलगडले: साखरेचे रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागाजवळ जाणे टाळतात, घडी उलगडली तर हा पृष्ठभाग वाढतो व साखरेला आणखी मागे हटावे लागते, ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते, आणि म्हणून प्रथिन घडी मिटूनच राहणे पसंत करते. साखर प्रथिनाला स्पर्श न करता त्याचे रक्षण करते, हा विचार मला या शास्त्रातील सर्वांत सुंदर विचारांपैकी एक वाटतो. पण साखर घातली की द्रव आणखी घट्ट होतो, मग तो पातळ करण्यासाठी आर्जिनीन घालावे लागते, आणि आर्जिनीनचेही प्रमाण चुकले तर घडीला धोका पोचतो. तिसरे साधन पॉलिसॉर्बेटसारखे पृष्ठसक्रिय द्रव्य. प्रथिन हवेच्या बुडबुड्याच्या कडेवर जाऊन पसरते, तेथे त्याचा पापुद्रा धरतो आणि कुपी हलवली की पापुद्रा फाटून त्याचे कण द्रवात उतरतात; पॉलिसॉर्बेट ती कड आधीच व्यापून प्रथिनाला तेथे थारा देत नाही. कालांतराने मात्र त्याचेच विघटन होऊन नवे कण तयार होतात. कोणत्याही दोन प्रतिपिंडांना एकच कृती लागू पडत नाही, हे नव्या विद्यार्थ्याने आरंभीच मान्य करावे. या क्षेत्रात सूत्रापेक्षा चिकाटीला अधिक किंमत आहे.

पाणीच काढून टाकणे हा जुना व खात्रीचा उपाय. महाराष्ट्रात त्याचा परिचय सर्पदंशावरील प्रतिविषामुळे झाला. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव आहे तिने, आणि १९७५ साली तिच्यातून निघालेल्या औषधनिर्माण महामंडळाने, घोड्यांच्या रक्तद्रवापासून हे प्रतिविष पिढ्यान्‌पिढ्या पुरविले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालणारे हे प्रथिन गोठवून निर्वातात वाळवितात, आणि या कोरड्या रूपात ते ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात फ्रीजवाचूनही काही वर्षे टिकते. ज्या देशात सर्पदंश शेतात होतो आणि फ्रीज शहरात असतो तेथे ही तजवीज किती शहाणपणाची होती हे निराळे सांगावयास नको. पण कोरड्या औषधाची किंमत ऐन प्रसंगी मोजावी लागते. प्रत्येक कुपीत दहा मिलिलिटर पाणी घालावयाचे, आरंभीच आठ ते दहा कुप्या लागतात, घाईत कुपी जोराने हलवली तर फेस येतो व प्रथिन बिघडते, म्हणून ती तळहातांत हळुवार फिरवीत राहावे लागते. आणि हे सारे फुरसे चावून रक्त न गोठणाऱ्या शेतमजुराच्या खाटेशेजारी करावयाचे असते. हे काम करणाऱ्या परिचारिकांच्या हाताला जे वळण असावे लागते ते औषधनिर्मितीचेच कौशल्य आहे असे मी मानतो.

संहतीचे महत्त्व अधिक स्पष्टपणे दिसते ते श्वानदंशाच्या उपचारात. येथे प्रतिपिंड जखमेच्या भोवतीच, मांसात, जेवढे मावेल तेवढे द्यावयाचे असते; आणि मुलांना कुत्रे चावते ते बहुधा बोटाला, ओठाला, गालाला. साठ किलोच्या माणसाला घोड्यापासून मिळविलेले प्रतिपिंड दर किलोस चाळीस एकक या हिशेबाने २,४०० एकक लागते, व ते मिलिलिटरला ३०० एकक या संहतीचे असेल तर आठ मिलिलिटर द्रव होतो. बोटाच्या टोकाला एवढा द्रव कोठे जिरवणार? पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मासबायोलॉजिक्स या संस्थेच्या सहकार्याने एकाच कुळीतील पेशींपासून रॅबीजविरुद्धचे प्रतिपिंड तयार केले, व ते २०१७ साली भारतात रॅबिशील्ड या नावाने आले. त्याची मात्रा दर किलोस ३.३३ एकक, म्हणजे त्याच माणसाला सुमारे २०० एकक. ते मिलिलिटरला चाळीस एकक असेल तर पाच मिलिलिटर, आणि शंभर एकक असेल तर दोनच मिलिलिटर. औषध तेच, एककेही तीच, परंतु दाटी वाढविल्यामुळे ते जखमेजवळ मावते.

आता या शास्त्रातील एका दुःखद प्रकरणाचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे, कारण सूक्ष्म बदलाला क्षुल्लक समजण्याची सवय त्याने मोडते. एरिथ्रोपोएटिन या रक्तवर्धक प्रथिनाच्या एका युरोपीय तयारीत मानवी अल्ब्युमिन स्थैर्यासाठी घातलेले असे. मानवी रक्तापासून निघालेला घटक नको या सावधगिरीने १९९८ साली ते काढून त्याच्या जागी पॉलिसॉर्बेट घालण्यात आले. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत मूत्रपिंडाच्या अनेक रोग्यांच्या शरीरांनी त्या औषधाविरुद्ध, आणि त्यामुळे स्वतःच्याही एरिथ्रोपोएटिनविरुद्ध, प्रतिपिंडे तयार केली व त्यांची तांबड्या पेशी निर्माण करण्याची शक्तीच खुंटली. रबरी बुचांतून पाझरलेली द्रव्ये, पॉलिसॉर्बेटचे पुंजके, त्वचेखालून देण्याची पद्धत, साठवणीतील हयगय, अशी अनेक कारणे चर्चिली गेली. प्रथिनांचा पुंज शरीराला परका भासतो, आणि शरीर त्याच्याशी लढण्यास उठले की मूळ औषधच नव्हे तर शरीराचे स्वतःचे प्रथिनही त्यात बळी पडू शकते. स्वच्छ दिसणारा द्रव निर्दोष असतोच असे नाही.

हे कळल्यावर खानदेशच्या उन्हाळ्याकडे पाहिले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात त्याहून अधिक, आणि वीज गेली की दुकानातील फ्रीजही काही तासांनी निकामी होतो. बहुतेक प्रथिनौषधांना दोन ते आठ अंशांची मर्यादा घालून दिलेली असते, आणि उष्णतेची धास्ती सर्वांनाच आहे. परंतु गोठण्याची धास्ती तितकीशी कोणी बाळगत नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलेली इन्सुलिनची कुपी गोठते तेव्हा बर्फ केवळ पाण्याचा होतो, प्रथिन व क्षार उरलेल्या थोड्या द्रवात कोंडले जातात, म्हणजे गोठणे हीच एक भयंकर दाटी असते. वितळल्यावर कुपी पुन्हा नेहमीसारखी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. इन्सुलिनची हकीकत या ग्रंथात सविस्तर दिली आहे. त्याचे सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र राहतात व त्या रूपात ते टिकाऊ होते. ही रचना १९६९ साली डोरोथी हॉजकिन यांच्या ज्या गटाने उलगडली त्यात आपले एम. विजयन होते. येथे दाटीच, योग्य शिस्तीत बांधलेली असल्यामुळे, रक्षक झाली आहे. आपल्याकडे कुपीत मिलिलिटरला चाळीस एकक आणि पेनच्या नळीत शंभर एकक अशी दोन संहतींची इन्सुलिने विकली जातात, आणि एकीसाठीची सिरिंज दुसरीला वापरली तर मात्रा अडीचपट चुकते; या एका बाबीची खातरजमा विक्रेत्याने प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ केलीच पाहिजे.

उष्णतेविषयी अलीकडे एक दिलासा देणारी गोष्ट घडली आहे. जिनिव्हा विद्यापीठ आणि सीमांविरहित डॉक्टर ही संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केनियातील दागाहाले निर्वासित छावणीतील घरांप्रमाणे पंचवीस ते सदतीस अंशांत खालीवर होणाऱ्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे टिकते असे आढळले. ज्या घरी फ्रीज नाही त्या घरी इन्सुलिन नाही, हा दंडक त्यामुळे सैल झाला. परंतु हा निष्कर्ष इन्सुलिनपुरता आणि सदतीस अंशांपुरता आहे. प्रतिपिंडांना तो लागू करणे धाडसाचे होईल. कोरड्या वैशाखात ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ आतील हवा बाहेरच्यापेक्षा कित्येक अंशांनी थंड ठेवतो, आणि आषाढात हवा दमट झाली की हा गुण क्षीण होतो. आपल्या आजीला ठाऊक असलेली ही गोष्ट आज औषधशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाली आहे.

ग्रंथातील स्थैर्यचाचणीचे प्रकरण वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावे. गोळ्यांच्या बाबतीत चाळीस अंशांवर सहा महिने ठेवून दोन वर्षांचा अंदाज बांधण्याची वहिवाट आहे. प्रथिनांना ती जशीच्या तशी लावता येत नाही, कारण उच्च तापमानात घडी ज्या मार्गाने मोडते तो मार्ग थंडीत उघडाच नसतो, आणि थंडीत मंदपणे घडणारे पुंजीकरण उष्णतेच्या प्रयोगात दिसतच नाही. म्हणून पाच अंशांवर खरोखरची दोन वर्षे थांबून पाहावे लागते. या थांबण्याला पर्याय नाही. आणि कारखान्याचा दाखला कितीही काटेकोर असला तरी तो कारखान्याच्या दारापर्यंतचाच असतो. पुण्याहून निघालेली पेटी धुळ्याच्या ठोक विक्रेत्याकडून शिरपूरच्या दुकानात, तेथून पिशवीत घालून मोटारसायकलवरून सांगवीकडच्या पाड्यावर पोचेपर्यंत तिच्यावर काय गुजरले याची नोंद कोणाच्याही दप्तरी राहत नाही.

शिरपूरच्या दोन्ही संस्थांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी हा ग्रंथ परीक्षेपुरता वाचू नये. तापमान नोंदविणारी लहान यंत्रे आज स्वस्तात मिळतात. मार्च ते जून या चार महिन्यांत तालुक्यातील औषधांच्या दुकानांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि इन्सुलिन घेणाऱ्या काही घरांत, त्या त्या लोकांच्या संमतीने, ती ठेवावीत, वीज गेल्याच्या वेळा लिहून घ्याव्यात, आणि दरसाल ही नोंद मराठीत प्रसिद्ध करून प्रत्येक दुकानदाराच्या हाती द्यावी.